नाकावाचून केळ्याच्या घड्या

११ जून

वहिनी,

नमस्कार. पत्राला उशीर झाला त्याला कारण मे महिन्यातला ताप. तीन आठवडे अंथरूण धरलं होतं. आता ठणठणीत आहे. तू काळजी करू नकोस आणि दादालाही करू देऊ नकोस. तो काळजीत पडला की तुला दिवसातून सहा वेळा चहा टाकावा लागतो. फोनच केला असता, पण फोनवर तुला माझं अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने भरतेस. मागे मी नळ गळतोय म्हणाले, तर तू केस गळतात असं ऐकून तेलाची बाटली धाडलीस.

घड्यांचं काम परत सुरू केलंय. वाचनालयाच्या खाली जे चहाघर आहे, तिथे आठवड्यातून तीनदा अठ्ठेचाळीस घड्या जातात. चहाघरवाल्या बाई पाटीवर 'केळ्याची पेस्ट्री' लिहितात. मी मात्र अजून घडीच म्हणते. पारीत केळं ठेवून दुमडायचं, मग घडी नाही तर काय, असं तूच म्हणाली होतीस. मी तेव्हा चौदा वर्षांची होते आणि पारीला भोकं पाडत होते.

एक विचारायचं होतं, सहजच. मोठी केळी घडीसाठी तयार झाली हे हाताला कसं कळतं? म्हणजे अंगठ्याने दाबलं तर किती आत जायला हवं? साल किती काळी? सारण आटलं हे डोळ्यांनी ओळखायचं तर नेमकं काय बघायचं? आणि ओव्हनमध्ये किती मिनिटं, अगदी घड्याळ लावून? तू कधी मोजून सांगितलंच नाहीस, आणि मीही विचारलं नाही.

ह्यांचं बरं चाललंय. नव्या इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्तीला हेच जातात. हल्ली घरात जरा चिडचिड करतात, पण ते असो.

उत्तर लवकर दे, आणि सविस्तर दे.

तुझी धाकटी


१९ जून

धाकटे,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, चष्मा बदलायला झालाय.

तेहतीस वर्षं घड्या करतेस. तुझ्या घड्या माझ्यापेक्षा बऱ्या होतात, हे दादा माझ्या तोंडावर म्हणतो आणि मी ऐकलं नाही असं दाखवते. बहिरेपणाचा तेवढाच फायदा. आणि आता तू मला विचारतेस, केळं पिकलेलं कसं ओळखायचं? मासळीने पोहण्याची चौकशी करावी तसं झालं हे.

मी बराच विचार केला. एक तर तू कुणाला तरी कृती लिहून देते आहेस. दे बापडी, माझी हरकत नाही, पण मग तसं सांग. नाहीतर हाताखाली कुणी बाई ठेवली आहेस आणि तिला शिकवायचा तुला कंटाळा आलाय. नाहीतर तापाने तुझी स्मरणशक्ती गेली. हे तिसरं मनात आल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्याले.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देते: वास. साल काळी होवो की पिवळी राहो, केळं तयार झालं की घरभर सांगत सुटतं. सारण आटलं की त्याचा वास कच्च्यावरून भाजक्यावर येतो. ओव्हनमधून लोण्याचा खरपूस वास दारापर्यंत आला की ट्रे बाहेर. मी कधीच मोजलं नाही कारण नाक होतं. तुलाही आहे.

आता खरं काय ते लिही. 'सहजच' हा शब्द तू लहानपणी बरणी फोडल्यावर वापरायचीस.

वहिनी


२७ जून

वहिनी,

नाक नाही. म्हणजे जागेवर आहे, दिसायला पूर्वीइतकंच बसकं आहे, पण काम बंद.

ताप उतरला त्या दिवशी ह्यांनी लसणीची फोडणी दिलेली डाळ आणली. मला वाटलं, फोडणी द्यायला विसरले. मी तसं बोलले, तर ते ताटाकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले. नंतर मी घरभर फिरून एकेक वस्तू हुंगली. साबण, कांदा, रॉकेलची बाटली, ह्यांचा घामट शर्ट. सगळं पाण्यासारखं. डॉक्टर म्हणतात, वासाची नस दुखावली आहे. परत येईल किंवा नाही, कुणी सांगू शकत नाही. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू एवढं कळतं. त्यापलीकडे काही नाही.

तुला आणि दादाला सांगितलं नाही, कारण आधी वाटलं आठ दिवसांत येईल. मग पंधरा. मग लाज वाटायला लागली. घड्या करणारीला वास येत नाही, म्हणजे शिंप्याला सुई दिसत नाही.

आता जे झालं ते सगळं सांगते. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी काम सुरू केलं, सवयीवर. तिसऱ्या खेपेला चहाघरवाल्या बाईंनी सगळा डबा परत पाठवला. लोणी खवट होतं. मी आठवडाभर लोण्याच्या त्याच डब्यातलं वापरत होते आणि मला पत्ता नव्हता. बाईंना मी सांगितलं, दूधवाल्याने फसवलं. त्या बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता. तुला पहिलं पत्र लिहिलं ते त्याच संध्याकाळी.

दुसरं अठरा तारखेचं. दुपारी ओव्हन पेटवला आणि पाठमोरी बसून कडांना मुरड घालत होते. आतली आच कधी विझली कळलं नाही. गॅस चालूच. हे त्या दिवशी लवकर आले. त्यांना दुसऱ्या मजल्यावरच जिन्यात वास आला. त्यांनी बेल वाजवली नाही, किल्लीने दार उघडलं, सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या, दिव्याच्या बटणाला हात न लावता मला दंडाला धरून खाली नेलं. मी विचारत होते, झालं काय? रस्त्यावर आल्यावरही ते माझा दंड सोडेनात. सत्तावीस वर्षं तारांना लोंबकळणारा माणूस.

त्यांनी रेग्युलेटर काढून हत्यारांच्या पिशवीत घातलाय आणि पिशवी रोज कामावर नेतात. स्वयंपाक विजेच्या शेगडीवर. घड्या बंद. ते म्हणाले, "मला घड्या नकोत, तू हवीस." ते चुकीचे नाहीत.

पण मी थांबणार नाही, वहिनी. दिवसभर हात मांडीवर ठेवून बसले की मला ते दुसऱ्या कुणाचे तरी वाटतात. तू मला नाकाने शिकवलंस. आता नाक सोडून शिकव.

धाकटी


९ जुलै

धाकटे,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी नाकात कापूस घातला.

हसू नकोस. सव्वीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत काढली आहेत. जे आपण करून पाहिलं नाही ते दुसऱ्याला सांगू नये, एवढं तिथे शिकले. कापसाने भागेना म्हणून वरून कपड्यांचा चिमटा लावला. आठ दिवस, सकाळी नऊ ते बारा. दादाने विचारलं, हे काय? मी म्हटलं, सर्दी. तो म्हणाला, सर्दीला लोक चिमटा लावत नाहीत. मग तुझं पत्र त्याला वाचायला दिलं. वाचून तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. आत आला आणि म्हणाला, "कर. मी खातो." पहिले तीन ट्रे त्याने खाल्ले. पहिला कोळसा होता, दुसरा चिखल, तिसऱ्याबद्दल तो अजून बोलत नाही.

आता नीट वाच. वहीत उतरवून भिंतीला लाव.

केळं. सालीच्या रंगावर जाऊ नकोस, रंग फसवतो. फ्रिजमध्ये राहिलेलं कच्चं केळंही काळं पडतं. अंगठा मधोमध ठेवून तीन मोजेपर्यंत दाब. खड्डा पडून तसाच राहिला तर तयार. वर आला तर दोन दिवस थांब. देठाशी दाबून बघ, तिथे ओलं लागलं तर आत सडलंय. मग प्रत्येक केळं लांबीत चीर. गाभा पिवळाधमक हवा, मधली रेघ तपकिरी दिसली की टाकून दे. साल एका ओढीत, दोरे न ठेवता सुटली पाहिजे.

सारण. केळं, लोणी, साखर, दालचिनी, लिंबाचे चार थेंब. ऐकत राहा. हे मी सांगतेय, यंत्र कानाला लावून. आधी टपटप वाजतं, पाण्यासारखं. मग आवाज जड होतो, फदफद. मग चमच्याने भांड्याच्या तळाशी रेघ ओढ. तीन मोजेपर्यंत रेघ भरली नाही तर उतरव. दालचिनी चमच्याने मोजून, अंदाजाने कधीच नाही. अंदाज नाकाचा असतो.

लोणी. ह्याला उपाय नाही. मी खूप शोधला. ताजं आणि खवट लोणी शेजारी ठेवून चिमटा लावून बघितलं, दिसायला दोघं सख्खी भावंडं. म्हणून वेष्टन उघडलंस की त्याच क्षणी त्यावर तारीख लिही. पाच दिवस झाले की बाद. तारीख नसेल तर त्याच दिवशी बाद. दया दाखवायची नाही.

ओव्हन. सोबत पुठ्ठ्याची एक पट्टी आहे. त्यावर चहाच्या अर्काने तीन छटा रंगवल्या आहेत. घडीची मुरड मधल्या छटेची झाली की बाहेर काढ. फिकट ती कच्ची, गडद ती दादाची.

आता गॅसचं. जावईबापूंचं बरोबर आहे. रेग्युलेटरवरून भांडू नकोस. विजेचा ओव्हन बघा.

आणि एक. चहाघरवाल्या बाईंना सांगून टाक. आज नाही तर पुढच्या आठवड्यात, पण सांग.

वहिनी


२ ऑगस्ट

वहिनी,

तुझं पत्र ह्यांनी आधी वाचलं. मी मुद्दाम टेबलावर ठेवलं होतं. तू नाकाला चिमटा लावून आठ दिवस बसलीस हे वाचून त्यांनी पत्र नीट घडी करून परत ठेवलं. मग मला म्हणाले, "लिफ्ट एका तारेवर लटकत नाही. चार-पाच तारा असतात, आणि त्यातली एक गेली तरी पाळणा खाली येत नाही. तुझी एक तार गेलीय. बाकीच्यांवर वजन टाकून बघू. पण तपासल्याशिवाय नाही."

मग आमच्याकडे तपासणी सुरू झाली. ते कुठूनतरी एक जुना विजेचा ओव्हन घेऊन आले. त्याचं दार लागत नव्हतं आणि काटा मनाला येईल ते तापमान दाखवायचा. तीन संध्याकाळी त्यांनी तो उघडून पसरला. जेवणाच्या टेबलावर स्क्रू, आम्ही जमिनीवर. आता काटा खरं बोलतो, आणि ओव्हनला शिट्टी बसवली आहे. ओव्हन ठरलेल्या तापमानाच्या वर गेला की ती अशी किंचाळते की वरच्या मजल्यावरच्या आजी काठी आपटतात.

पहिला ट्रे खालून करपला. दुसरा कच्चा. तिसऱ्यात दालचिनी दोनदा घातली, कारण घातली की नाही हे हुंगून बघायची सवय हात विसरत नाही. आता घातलेल्या प्रत्येक जिनसेची वाटी पालथी घालून ठेवते. चौथ्यात पारी फुटली. पाचवा ह्यांनी खाल्ला आणि म्हणाले, खाण्यासारखा आहे. मी विचारलं, म्हणजे कसा? ते म्हणाले, "भूक लागली असेल तर." सहावा, सातवा, आठवा. नाकी नऊ येणं म्हणजे काय ते कळलं, तेही नाक नसताना. अकराव्या ट्रेची एक घडी ह्यांनी उभ्याउभ्या खाल्ली, मग दुसरी घेतली, आणि ती खाताना माझ्याकडे बघितलं नाही. तेव्हा मला कळलं की जमलं.

मीही एक खाल्ली. गोड होती. पारी कुरकुरीत होती. केळं मात्र नव्हतं त्यात. जिभेवर नुसता ऊन, मऊ, गोड लगदा. वहिनी, मी जे करते ते मला स्वतःला आता कधी कळणार नाही, हे त्या घासाला पहिल्यांदा नीट कळलं. न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. मग तोंड धुतलं आणि बारावा ट्रे लावला.

गेल्या सोमवारपासून चहाघरात घड्या जायला लागल्या आहेत. बाई म्हणाल्या, पूर्वीपेक्षा एकसारख्या येतात, मशीन घेतलं का? मी हसले.

तू म्हणतेस सांग. का सांगू? घड्या चांगल्या आहेत. खाणाऱ्याला घडीशी मतलब. सांगितलं तर उद्यापासून प्रत्येक घास संशयाने घेतला जाईल. बिननाकाची बाई म्हणून ओळख होईल ती वेगळीच. नाक गेलंय तेवढं पुरे, आणखी कापून घ्यायची माझी तयारी नाही.

धाकटी


१० ऑगस्ट

धाकटे,

अकराव्या ट्रेबद्दल शाबासकी. बाराव्याबद्दल जास्त.

आता एक सांगते. हे दादाला माहीत आहे, आणखी कुणाला नाही.

मला ऐकू येईनासं झालं ते मी निवृत्त व्हायच्या आधी दोन वर्षं. तुम्हाला सगळ्यांना वाटतं निवृत्तीनंतर. मी लपवलं. मुलं काय म्हणतात ते ओठांवरून ओळखायचे. प्रयोगशाळा पाठ होती, कुठली बाटली कुठे, कुठली मुलगी वेंधळी. काम चोख चाललं होतं. मुख्याध्यापकांनी त्या वर्षी माझं कौतुकही केलं. मग सांगायची गरजच काय, असं मीही म्हणायचे. अगदी तुझ्याच शब्दांत.

एके दिवशी मी पाठमोरी कपाट लावत होते. मागे एका मुलीच्या हातावर ॲसिड सांडलं. तिने मला हाक मारली. तीनदा मारली, असं नंतर बाकीच्या मुलींनी सांगितलं. मला ऐकू आली नाही. मी वळले तेव्हा एक मुलगी तिला नळाकडे ओढत होती. मनगटापासून कोपरापर्यंत डाग राहिला. मी सगळ्यांना सांगितलं, मी लगेच धावले. मुलींनी माझी बाजू घेतली, कारण मी त्यांची लाडकी होते. त्या मुलीनेसुद्धा घेतली.

मी आधी सांगितलं असतं तर शाळेने कदाचित मला काढलं असतं. किंवा वर्गात आणखी एक माणूस ठेवला असता. त्या मुलीच्या हाताला डाग नसता, एवढं मात्र नक्की.

तुझ्या घड्या चांगल्या आहेत, माझा विश्वास आहे. पण ज्या दिवशी चुकेल, त्या दिवशी समोरच्याला सावध राहण्याची संधी तू दिलेली नसशील. दूधवाल्याचं नाव तू एकदा घेतलंच आहेस.

मी यापुढे या विषयावर लिहिणार नाही.

वहिनी


२९ ऑगस्ट

धाकटे,

एकोणीस दिवस झाले. रागावली असशील तर रागाव. मी ते पत्र मागे घेत नाही. पण जावईबापूंना सांगून एक ओळ पाठव, तब्येत बरी आहे एवढीच. दादाने चहाचा सपाटा लावला आहे.

वहिनी


१४ सप्टेंबर

वहिनी,

रागावले होते. पहिले दोन दिवस तुझ्यावर, मग दूधवाल्याला समोर बघून स्वतःवर. तो जिन्यात भेटला, नेहमीसारखा हसून बाजूला झाला, आणि माझ्याच्याने वर बघवेना. एकोणतीसचं तुझं पत्र मिळालं तेव्हा मी मध्येच कुठेतरी होते. शेवट लागल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. ह्यांनी एक ओळ टाकायला हवी होती. टाकतो म्हणाले आणि विसरले. त्यांच्या वतीने कान पकडते.

सोळा ऑगस्टला मी डबा घेऊन स्वतः चहाघरात गेले. बाई हिशेबाची वही मिटून बसल्या होत्या. त्यांना मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ताप, नाक, खवट लोणी, दूधवाल्याचा काही दोष नव्हता तेही. संपल्यावर बाई म्हणाल्या, "आजचा डबा राहू दे. पुढचा पाठवू नका." मी विचारलं, घड्या वाईट होत्या का? त्या म्हणाल्या, नव्हत्या. पण आपण लोकांच्या हातात खाण्याची वस्तू देतो आणि ती कुणी हुंगून पाठवलेली नाही हे आता कळल्यावर झोप लागणार नाही. बरोबर बोलल्या. तेच जास्त लागलं.

घरी येऊन मी मनातल्या मनात तुला खूप बोलले. ह्यांना वाटलं आता ओव्हन आवरून ठेवेन. मी दुसऱ्या दिवशी ट्रे लावला. घरात खाणारं कुणी नाही, तरी लावला. आठवड्यातून तीनदा, पूर्वीच्याच वारी, अठ्ठेचाळीस. जिन्यातल्या प्रत्येक दाराशी जाऊन सांगायचे, मला वास येत नाही, खाऊन बघा आणि काय वाटतं ते खरं बोला. दूधवाल्याला सगळ्यात आधी दिली आणि मी त्याच्यावर काय ढकललं होतं तेही सांगितलं. तो म्हणाला, तरीच चहाघरवाल्या बाई दोन महिने माझ्याशी फटकून वागतायत. मग घडी खाल्ली आणि म्हणाला, लोणी उत्तम आहे. वरच्या आजींनी नाक मुरडून घेतली आणि नंतर काठी न आपटता रिकामी ताटली घेऊन खाली आल्या. कुणी काय म्हटलं ते सगळं तारखेसकट वहीत लिहीत गेले. एकदा मीठ कमी निघालं, एकदा एका ओळीच्या कडा कडक. तेही लिहिलं.

दोन आठवड्यांनी ती वही घेऊन परत चहाघरात गेले. म्हटलं, घड्या घेऊ नका, पण एकदा घरी येऊन मी कशी करते ते बघा. बाईंनी वही चाळली. कडक कडांचं पान दोनदा वाचलं. म्हणाल्या, गुरुवारी येते.

त्या आल्या त्या पिशवी घेऊन. मला वाटलं खाऊ आणला. त्यांनी ओट्यावर तीन केळी ठेवली, तिन्ही काळीकुळकुळीत, आणि दोन वाट्यांत लोणी. म्हणाल्या, "यातलं काय वापराल ते दाखवा. मी बोलणार नाही."

हे दारात उभे होते. त्यांचा चेहरा बघून मी त्यांना बाहेर जायला सांगितलं.

केळी हातात घेतली. पहिल्यावर अंगठा ठेवला, तीन मोजले, सोडला. खड्डा वर आला. फ्रिजमधलं. बाजूला ठेवलं. दुसऱ्याचा खड्डा राहिला, देठ कोरडा. चिरलं, गाभा पिवळा. तिसऱ्याचाही राहिला, पण देठाशी बोट ओलं झालं. तेही चिरलं. मधोमध तपकिरी रेघ होती, बारीक, पण होती. टाकलं. इथपर्यंत मला धीर होता.

मग लोणी. दोन्ही वाट्या जवळ घेतल्या. रंग सारखा. बोटाने दाबून बघितलं, सारखं. सवयीने नाकाशी नेलं आणि लगेच खाली ठेवलं. जिभेला लावून बघितलं. एक किंचित कडसर वाटलं, पण मला वाटलं की होतं, ते सांगता येईना. बाई बघत होत्या. मनात आलं, दोनातलं एक तर आहे, बोट ठेव. बरोबर निघालं तर जिंकलीस.

मी म्हटलं, "मला ओळखता येत नाही. येणारही नाही. तारीख लिहिलेली नाही म्हणून मी दोन्ही वापरणार नाही." आणि दोन्ही वाट्या त्यांच्याकडे सरकवल्या.

बाईंनी वाट्या उचलल्या, एकेक हुंगली आणि पिशवीत ठेवल्या. मग म्हणाल्या, "दोन्ही ताजी होती. सकाळीच घेतली. तुम्ही एकीवर बोट ठेवलं असतं तर मी चहा पिऊन निघून गेले असते."

त्यांच्या अटी आहेत. प्रत्येक डब्यातली एक घडी त्या आधी स्वतः फोडून खाणार, मगच बाकीच्या काचेच्या कपाटात जाणार. कुणी विचारलं तर त्या खरं सांगणार. मी म्हटलं, कुणी विचारलं नाही तरी सांगा.

त्यांनी सांगितलं, आणि पहिल्या दिवशी एकोणीस घड्या परत आल्या. एक गृहस्थ खाता खाता थांबले म्हणे आणि उरलेली कागदात गुंडाळून ठेवून गेले. मी त्या एकोणीस ताटात मांडून बघत बसले. ह्यांनी विचारलं, उद्याच्या केळ्यांचं काय? मी म्हटलं, चिरते. दुसऱ्या खेपेला बारा परत आल्या. तिसऱ्या खेपेला चौदा, तेव्हा वहीतल्या सगळ्या नोंदी परत वाचून काढल्या. चौथ्या खेपेला पाच. काल डबा रिकामा आला. बाईंनी आत चिठ्ठी ठेवली होती, सोमवारपासून साठ.

वहिनी, त्या मुलीबद्दल तू जे लिहिलंस ते मी कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही. ती आता तिशीची असेल. तिला शोधून एकदा लिहावंस असं मला वाटतं. जे मला लिहिलंस तेच. तू मला सोडलं नाहीस, म्हणून मीही तुला सोडत नाही. यापुढे मी या विषयावर लिहिणार नाही, असं मात्र म्हणणार नाही. लिहीत राहीन.

नाक अजून आलेलं नाही. लोक विचारतात, येईल ना? मी म्हणते, येईल तेव्हा येईल. त्याची वाट बघत बसायला मला फुरसत नाही. वाट बघायची ती ओट्यावरच्या केळ्यांची. सकाळी अंगठा ठेवला, तर खड्डा अजून वर येतोय. परवापर्यंत होतील.

तुझी धाकटी